बिबलाटेकमधली मराठी संदर्भसूची: आधी शीर्षक, मग अंतर

मराठी प्रबंधाची संदर्भसूची बिबलाटेकमध्ये (लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीतलं संदर्भसूचीचं पॅकेज, biblatex) लावताना बरेच जण आधी नोंदींमधल्या अंतराशी झुंजत बसतात. पहिलं काम शीर्षकाचं आहे. मूळ शैलीत ग्रंथाचं नाव तिरपं येतं आणि देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना तिरपं अक्षर नसतंच. झीलाटेक (युनिकोड फॉन्ट वापरणारं लाटेक, XeLaTeX) लॉगमध्ये एक सूचना टाकतं आणि सरळ अक्षरात छापून मोकळं होतं. मग लेखक, ग्रंथ, प्रकाशक सगळं एका ओळीत मिसळून जातं. फॉन्टस्पेक (fontspec) या फॉन्ट निवडायच्या पॅकेजमधून कृत्रिम तिरपेपणा आणता येतो, पण शिरोरेषा आडवीच राहते, दंड तेवढे कलतात आणि जोडाक्षरं विस्कटल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा नाव सरळ ठळक करावं.

नोंदीतल्या फील्डचं रूप ठरवणाऱ्या डिक्लेअरफील्डफॉरमॅट (\DeclareFieldFormat) या आज्ञेने टायटल ठळक केलं तरी लेखांची शीर्षकं अवतरणचिन्हांतच राहतात. लेख, प्रकरण, प्रबंध यांची व्याख्या शैलीत वेगळी दिलेली असते आणि ती सर्वसाधारण व्याख्येला जुमानत नाही. बहुधा तेच हवं असतं. नको असेल तर त्याच आज्ञेला तारांकन जोडा. जर्नलटायटल (नियतकालिकाचं नाव) आणि बुकटायटल (लेख ज्या ग्रंथात आहे त्याचं नाव) मात्र स्वतंत्रपणे बदलावे लागतात, आणि नेमके तेच राहून जातात.

दोन नोंदींमधल्या अंतरासाठी बिबआयटमसेप (\bibitemsep) ६ पॉइंट पुरे. आद्याक्षर बदललं की जास्त मोकळी जागा हवी असेल तर बिबइनिटसेप (\bibinitsep) १२ ठेवा. ते बिबआयटमसेपपेक्षा मोठं नसेल तर गट वेगळे दिसतच नाहीत. नोंदीच्या दुसऱ्या ओळीपासूनचा समास ठरवणारं बिबहँग (\bibhang) लेखक-वर्षासारख्या क्रमांक नसलेल्या शैलींत चालतं. क्रमांकाच्या शैलीत ते कितीही वाढवा, ओळ हलत नाही, कारण तिथला समास क्रमांकाच्या रुंदीवरून ठरतो.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. अशा ठिकाणच्या जुन्या पुस्तकांवर काम करणाऱ्यांना ‘शके १८१५’ हमखास भेटतं. डेट फील्डमध्ये ते घातलं की बायबर (नोंदी वाचून क्रम लावणारा बिबलाटेकचा जोडीदार प्रोग्रॅम, biber) तारीख म्हणून स्वीकारत नाही. ते इयरमध्ये जसंच्या तसं लिहा आणि सॉर्टइयरमध्ये इसवी सन इंग्रजी आकड्यांत द्या, म्हणजे क्रम बिघडत नाही. शकात ७८ मिळवा. पुस्तक जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यान निघालेलं असेल तर ७९.

नोंदीत बदल केला की झीलाटेक, बायबर, मग पुन्हा दोनदा झीलाटेक. नुसतं अंतर किंवा ठळकपणा बदलला असेल तर बायबर चालवायची गरज नाही.