तुम्ही विचारलंत म्हणून: क्रॅश एवढा अवघड का?

क्रॅश बँडिकूटबद्दल बोलायला लागले की हा प्रश्न ठरलेला, की दिसायला एवढा कार्टून, लहान मुलांचा वाटणारा गेम, मग एवढा अवघड कशाला करून ठेवलाय? काही जण तर पार वैतागून विचारतात. माझं म्हणणं उलटं आहे, तो एवढा गमतीशीर आहे म्हणूनच त्याला एवढं अवघड असणं परवडतं.

यात तुम्ही मरणार, सारखे मरणार, हे धरूनच चालायचं. पण मरताना काय होतं ते बघा ना, आगीत गेला की क्रॅशची, म्हणजे आपण खेळतो त्या हिरोची, राख होते आणि डोळे न् बूट तेवढे उरतात, शत्रूला धडकला की पंख फुटून देवदूत होऊन वर उडत जातो, म्हणजे चिडायच्या आधी हसूच येतं आणि तेवढ्यात तुम्ही परत चेकपॉइंटला, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरू करता येतं त्या जागी, उभे असता. हेच एखाद्या गंभीर चेहऱ्याच्या हिरोचं झालं असतं तर मी तरी कंट्रोलर कधीच ठेवून दिला असता.

आणि तो चेहरा उगाच तसा झालेला नाही. १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर पहिला गेम आला तेव्हा तो बनवणाऱ्या नॉटी डॉगच्या टीमकडे क्रॅशसाठी होते फक्त ५१२ पॉलिगॉन, म्हणजे ज्या छोट्या सपाट तुकड्यांनी थ्रीडी आकृती बनते ते, त्यामुळे मान गायब, डोकं मोठं, तोंड मोठं, हातात ग्लोव्ह्ज, अंगाला बहुतेक सपाट रंग, कारण तेव्हाच्या टीव्हीवर एवढ्याशा आकारात भाव दिसायला हवेत. कॅमेरा पाठीमागे असल्यामुळे बराच वेळ नुसती पाठच दिसते, म्हणून तर मागून भलामोठा दगड येतोय आणि क्रॅश आपल्याच दिशेने जिवाच्या आकांताने पळतोय अशा लेव्हल्स आहेत. तिथे त्याचा घाबरलेला चेहरा बघायला मिळतो, पण पुढचा खड्डा मात्र अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. अवघडपणा आणि गंमत एकाच जागी, मला ही आयडिया अजूनही भन्नाट वाटते.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे हा गेम गुपचूप मदत करतो. तुम्ही एकाच जागी परत परत मरायला लागलात की तो अडथळे हळू करतो, आकु आकुचा मुखवटा देतो म्हणजे एक फटका माफ, मध्येच जास्तीचा चेकपॉइंट पण देतो, आणि यातलं काहीही स्क्रीनवर लिहून येत नाही. कच्च्या खेळाडूला हात द्यायचा पण पक्क्याचा गेम बिघडवायचा नाही, हा नॉटी डॉगच्या जेसन रुबिनचा विचार होता. किती प्रेमाने केलंय हे!

अन्याय वाटतो तो एका ठिकाणी, पहिल्या भागातल्या द हाय रोड नावाच्या लेव्हलच्या त्या तुटक्या लाकडी पुलावर. २०१७ च्या एन. सेन ट्रिलॉजीमध्ये, म्हणजे पहिले तीन गेम्स नव्याने बनवून एकत्र दिले त्यात, तर जास्तच, कारण तिथे तिन्ही गेम्सचं हँडलिंग तिसऱ्या भागावर बेतलंय आणि पहिल्या भागातल्या उड्या त्या हिशोबाने बनवलेल्याच नव्हत्या, कडेला पाय टेकला की घसरलाच. तिथे बाजूच्या दोरावर उडी मारून दोरावरूनच चालत जा, चक्क चालता येतं, आणि याला चीटिंग म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

नवीन असाल तर सरळ तिसऱ्या भागापासून, वॉर्प्डपासून सुरू करा, मग दुसरा, मग पहिला. उडी मारल्यावर क्रॅशकडे नाही, त्याच्या सावलीकडे बघायचं, सावली जिथे तिथेच तो उतरतो. टीएनटीच्या खोक्यावर उडी मारली तर तीन, दोन, एक मोजेपर्यंत पळायला वेळ मिळतो, पण गिरकी मारलीत तर जागच्या जागी धडाम. आणि २०२० चा चौथा भाग घेतलात तर मॉडर्न मोडच लावा, त्यात लाइफ संपायची भानगड नाही, कितीही वेळा मरा.