ढोलकी आमची, दावा भजनाचा

गाणं लिहायला एक दुपार पुरली. चाल त्याच रात्री भांडी घासताना सुचली. त्यात काही विशेष नाही, म्हणून ते सोडून देते. मला सांगायचंय ते यूट्यूबवर त्या गाण्यावर कॉपीराइटचा दावा आला, त्यानंतरच्या सदतीस दिवसांबद्दल.

तरी ओळ ऐकवतेच: ‘बघायचंय तर बघ की नीट, चोरून बघाय लागतंय तिकीट!’ गायली माझ्या मामेबहिणीने. तिला म्हटलं, सुलोचनाबाई चव्हाण डोक्यावर पदर घेऊन लावणी गायच्या, सगळा ठसका आवाजात. तूही हात हलवू नकोस, जे काय करायचं ते ‘की’वर कर. कपाटात गोधड्या टांगून रेकॉर्डिंग केलं. ‘तिकीट’ म्हणताना दर वेळी तिला हसू यायचं. अकराव्या टेकला अर्धा सूर आणि अर्धं हसू असं काहीतरी आलं आणि आम्ही तेच ठेवलं. आज लोक रील्समध्ये नेमकं तेवढंच कापून लावतात.

शुक्रवारी गाणं आलं. रविवारी इचलकरंजीच्या कुठल्याशा हळदीत नवरीच्या करवल्या त्यावर नाचल्या, तो व्हिडिओ फिरला आणि आमचे आकडे आमच्या मानाने पळायला लागले. मंगळवारी सकाळी मेल आली: तुमच्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आहे, जाहिरातींचे पैसे दावेदाराला जातील.

गाण्याच्या ४ ते १९ सेकंदांवर बोट ठेवलं होतं. तिथे नुसती ढोलकी आहे. आणि ती ज्या गाण्याशी जुळली म्हणे, ते होतं परभाषेतलं एक भजन! मामेबहिणीला फोन केला तर ती हसतच सुटली. ‘ताई, आपलं गाणं देवाला पावलं!’ मला मात्र अजिबात हसू येत नव्हतं.

झालं होतं असं, की ढोलकीचा तो तुकडा मी विकत घेतलेल्या एका सॅम्पल पॅकमधला, म्हणजे आधीच वाजवून ठेवलेल्या तुकड्यांच्या संचातला. असे तुकडे कुणीही पैसे भरून वापरू शकतं, पण ‘हा माझाच’ असं कुणालाच म्हणता येत नाही. भजनवाल्यांनी तोच तुकडा घेतला आणि अख्खं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे सारखे आवाज आपोआप शोधणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत नोंदवलं. यंत्राला भजन आणि छेडाछेडी यातलं काय कळतं? त्याला ढोलकी सारखी दिसली. (खरं सांगू? गाणं अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या आमच्या वितरकाच्या फॉर्मवरही कंटेंट आयडीचा चौकोन होता आणि मी टिक करणारच होते. तुमच्या गाण्यात असा विकतचा तुकडा असेल तर तिथे हात लावू नका.)

मी त्याच दिवशी हरकत घेतली. यूट्यूबचा नियम असा, की दावा आल्यापासून ५ दिवसांत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात, नंतर घेतली तर हरकतीच्या दिवसापासूनचे. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस. म्हणजे ज्या महिन्यात गाणं धावतंय, नेमका तोच महिना ताटकळत बसायचं. रोज उठल्यावर चहाच्या आधी ते पान उघडायचं आणि ‘प्रतीक्षेत’ एवढं वाचून बंद करायचं. दावेदार कंपनीला तीन मेल टाकल्या. एकीला उत्तर आलं, तेही आपोआप जाणारं.

तिसाव्या दिवशी दावा आपोआप सुटेल म्हणून मी पेढे आणायचं ठरवलं होतं. एकोणतिसाव्या दिवशी त्यांनी हरकत फेटाळली. कारण शून्य.

आता अपील. इथे नवरासुद्धा म्हणाला, ‘जाऊ दे ना.’ कारण अपिलात खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, आणि समोरचा अडून बसला तर व्हिडिओ उतरवला जातो आणि चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाचा शिक्का बसतो. दोन दिवस धीर झाला नाही. मग पॅकची पावती, परवान्यातलं नेमकं वाक्य आणि ढोलकीचा सुटा ट्रॅक काढून ठेवला आणि चार ओळींत लिहिलं: हा तुकडा अमुक पॅकमधला, परवाना अमुक तारखेचा, तुमच्याकडेही तोच असणार. राग, अन्याय, ‘मी एक छोटी कलाकार’ वगैरे पहिल्या मसुद्यात होतं, ते सगळं खोडलं. पावती जपा हो, माझी दोन वर्षं जुन्या मेलच्या ढिगात सापडली. अपिलाला उत्तर द्यायची मुदत ७ दिवस. सहाव्या दिवशी, जेवताना, दावा सुटला. वरण तसंच राहिलं.

राहून गेलेलं: स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक वेळ मोजली जाते, म्हणून मुखडा लवकर आणा, आमचा विसाव्या सेकंदाला येतो. आणि कुणी ‘एकरकमी घ्या, सगळे हक्क द्या’ म्हणालं तर सही करण्याआधी २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती वाचा. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात सोडला म्हणून सुटत नाही.

नवीन गाण्यासाठी गल्लीतल्या ढोलकीवाल्या काकांना बसवलंय. ते लयीत जरा पुढे पळतात, पण पळणं त्यांचं स्वतःचं आहे.

ते भजन मात्र पुरावा शोधताना इतक्यांदा ऐकलं, की सकाळी देवघरात नकळत तोंडात येतं. सासूबाईंना वाटतं, सून मार्गाला लागली.