बक्स रोचे फाटक: नकाशांवरील शोध, नोंद तिसरी

‘जॅक द रिपर’ या अज्ञात खुन्याची बळी मानली जाणारी मेरी ॲन निकोल्स हिचा मृतदेह ३१ ऑगस्ट १८८८ रोजी पहाटे पावणेचारच्या सुमारास लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील बक्स रो या रस्त्यावर, तबेल्यांच्या एका फाटकापाशी सापडला, हे आपल्यापैकी सर्वांना ठाऊक आहे. माझा प्रश्न त्याहून बारीक आहे: आजच्या नकाशावर ती जागा नेमकी कोठे दाखवावी आणि त्यात किती मीटरची चूक संभवते?

मागील नोंदीत दिलेला बिंदू मी मागे घेत आहे. चूक नकाशाची नव्हती, माझीच होती. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या १:१०५६ या प्रमाणाच्या नकाशा-पत्रकांपैकी १८७० च्या दशकाच्या आरंभीचे पत्रक घटनेपूर्वीचे आहे, म्हणून तेच अधिक विश्वसनीय, असे मी गृहीत धरले होते. परंतु व्हाइटचॅपलला ईस्ट लंडन रेल्वे पोहोचली ती १८७६ साली, आणि बक्स रोच्या टोकाची बोर्डाची (म्हणजे स्थानिक शाळा-मंडळाची) शाळाही त्याच सुमारास उभी राहिली. या दोन्ही खुणा जुन्या पत्रकावर असूच शकत नाहीत. रेल्वे आल्यानंतर घडलेली घटना मी रेल्वे येण्यापूर्वीच्या रस्त्यावर शोधत बसलो होतो.

म्हणून आता आधार घेतला आहे तो १८९० च्या दशकातील पत्रकाचा, जो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात पुण्यात घरबसल्या पाहता येतो. येथेही एक मेख आहे. १८९२ मध्ये बक्स रोचे नाव बदलून डरवर्ड स्ट्रीट असे झाले, त्यामुळे या पत्रकावर जुने नाव शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. माझी एक संपूर्ण संध्याकाळ त्यात गेली.

नकाशाला साक्षीची जोड दिली की चित्र स्पष्ट होते. देह पाहणारा पोलीस शिपाई जॉन नील याने मृत्यू-चौकशीत दिलेली साक्ष मोजणीदाराने लिहावी इतकी नेमकी आहे: फाटक नऊ-दहा फूट उंचीचे व बंद, आत तबेले, फाटकापासून पूर्वेकडे घरांची ओळ, पश्चिमेकडे शाळा, आणि रस्त्याच्या पलीकडे एसेक्स वॉर्फ ही इमारत. त्याच्या आधी काही मिनिटे तेथून गेलेल्या गाडीवानाला, ज्याने चार्ल्स क्रॉस या नावाने साक्ष दिली, फाटकापाशी ताडपत्रीसारखे काहीतरी पडलेले दिसले होते. घरांच्या ओळीतील फाटकालगतचे घर म्हणजे न्यू कॉटेज. त्यामुळे नकाशावर शोधायची आहे ती शाळा आणि न्यू कॉटेज यांच्यामधली, अंगणात उघडणारी फट. ती सापडली. या प्रमाणावर ती इतकी लहान दिसते की पहिल्या दोन वेळा माझी नजर तिच्यावरून सरळ पुढे गेली होती.

मग एक पडताळा घेतला, आणि हा भाग मला सर्वाधिक आवडला. देह उताणा होता, रस्त्याच्या लांबीला समांतर, डोके पूर्वेकडे, आणि नीलच्या म्हणण्याप्रमाणे डावा हात फाटकाला टेकलेला. उताण्या माणसाचे डोके पूर्वेला असेल, तर त्याचा डावा हात दक्षिणेलाच येतो. म्हणजे फाटक रस्त्याच्या दक्षिण बाजूला, आणि नकाशावरील फटही दक्षिणेलाच आहे. एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या दोन पुराव्यांनी एकच बाजू दाखवावी, याहून अधिक समाधान या छंदात क्वचितच मिळते. (मी स्वतः जमिनीवर आडवा होऊन खात्री केली, घरच्यांनी काही विचारले नाही.)

जुने पत्रक आजच्या नकाशावर बसवण्यासाठी क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत नियंत्रण-बिंदू, म्हणजे दोन्ही नकाशांवर ओळखता येणाऱ्या जागा, घेतले. शाळेची इमारत आज सदनिका म्हणून उभी आहे, त्यामुळे तिचे कोपरे हा माझा मुख्य आधार. रेल्वेची रेषा मात्र मी मुद्दाम नियंत्रणात घेतली नाही, तर बसवणी झाल्यावर ती जुळते का हे पाहण्यासाठी राखून ठेवली. पहिल्या प्रयत्नात एक कोपरा नव्या बांधकामाचा निघाला आणि सगळा रस्ता किंचित तिरका झाला. तो बिंदू वगळल्यावर रेल्वेची रेषा समाधानकारक जुळली. शाळेच्या सर्व कोपऱ्यांमध्ये मिळून जागेचा विस्तार फारसा नाही, ही अडचण मात्र राहते. बिंदू एकाच ठिकाणी गोळा झाले की पत्रकाच्या दूरच्या टोकाला चूक वाढत जाते. सुदैवाने आपले फाटक शाळेच्या जवळ आहे.

१:१०५६ या प्रमाणात पत्रकावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील एक मीटरहून थोडे अधिक अंतर होते. रेषेची जाडी, कागदाचे आकुंचन-प्रसरण आणि माझ्या हाताचा कंप धरला, तर दोन मीटरांच्या आत नेमकेपणा सांगणे अप्रामाणिक ठरेल. शिवाय देह हा काही बिंदू नव्हे. त्याला स्वतःचीच दीड मीटरहून अधिक लांबी होती. म्हणून यापुढे मी टाचणी टोचणार नाही, तर दक्षिणेकडील पदपथावर, फाटकासमोर, रस्त्याच्या लांबीला समांतर एक लांबट पट्टा आखणार आहे.

पुढील काम एसेक्स वॉर्फच्या दर्शनी भिंतीचे. ती इमारत आज उभी नाही, परंतु तिचे जुने छायाचित्र मापात बसवता आले, तर समोरच्या बाजूने फाटकाचा मध्य तपासून पाहता येईल.