षष्ठी विभक्तीपुरता

शनिवार, रात्र

"तुझा बेस अजून आहे का? असला तर रविवारी सकाळी येऊन घेऊन जातो. रेकॉर्डिंग ठरलंय." आमच्या जुन्या बँडचा ड्रमवाला श. याचा, माझ्या बेस गिटारबद्दलचा हा निरोप मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला, आणि आज शनिवार संपत आला तरी मी त्याला उत्तर दिलेले नाही. निरोप वाचून डबा तसाच झाकून ठेवला, हे इथे लिहितानाही थोडे हास्यास्पद वाटते, पण तसे झाले खरे.

शाळेत व्याकरणात मी कधी चमकलो नाही. तरीही गेले चार दिवस त्या वाक्याचे पृथक्करण करण्यावाचून मला दुसरे काही सुचलेले नाही. वाक्याचा कर्ता बेस आहे. क्रियापद बेसचे आहे, चौकशी बेसची आहे, रविवारी सकाळी गाडीत घालून न्यायचे आहे तेही बेसलाच. मी त्या वाक्यात 'तुझा' या शब्दापुरता आहे, म्हणजे केवळ षष्ठी विभक्तीपुरता. नारळाच्या झाडाखाली 'अमक्यांचा नारळ' म्हणून पाटी असावी, तसा. 'तू अजून वाजवतोस का', एवढे विचारायला त्याला एकही शब्द जास्त लागला नसता.

बुधवारी त्याचा आणखी एक निरोप आला, बहुधा मी गप्प राहिल्यामुळे. बेस त्याची मुलगी वाजवणार आहे. तिच्याकडे स्वतःचा पाच तारांचा बेस आहे, पण त्याचा आवाज आपल्या गाण्यांसाठी फारच स्वच्छ येतो, असे त्याचे म्हणणे. माझ्या बेसची ही एवढी एकच स्तुती मी आजवर ऐकली असेल, आणि तीही मी वाजवत नसताना ऐकायची वेळ आली.

या आठवड्यात येता-जाता डिसेंडेंट्स हा अमेरिकन पंक बँड ऐकत आहे. श.च्या मावसभावाने अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटवरून आम्ही चौघांनी एकेक प्रत करून घेतली होती, आणि ती घासून घासून माझ्या प्रतीतला त्यांच्या गायकाचा, मायलोचा आवाज पाण्याखालून यावा तसा येऊ लागला होता. 1982 मधला तो पहिला मोठा संग्रह, 'मायलो गोज टू कॉलेज', त्यात पंधरा गाणी आणि सगळी मिळून बावीस मिनिटे. मुखपृष्ठावर चष्मा आणि टाय लावलेल्या पोराचे व्यंगचित्र. वसतिगृहात आम्हाला त्या चष्म्याचा मोठा आधार वाटे. लोखंडी काटे लावलेली जाकिटे आणि रंगवलेले केस आमच्याच्याने झाले नसते. पण चष्मा आमच्यातल्या तिघांना होताच. शिवाय ही मंडळी राजवाडा जाळण्याची भाषा न करता खाण्यावर, कॉफीवर, घरच्या वैतागावर आणि मुलीने नाही म्हटल्यावर गाणी करत, तीही अशी की काही गाणी सुरू झाली म्हणेपर्यंत संपत. मेसच्या आमटीवरचे आमचे चाळीस सेकंदांचे गाणे हे थेट त्याच घराण्याचे.

आता मूळ मुद्दा. संग्रहाचे नाव गंमत म्हणून ठेवलेले नव्हते, मायलो ऑकरमन खरोखरच बँड सोडून सॅन डिएगोला जीवशास्त्र शिकायला निघाला होता. पुढे 1985 मध्ये तो परत आला, दोन-तीन वर्षे गायला, आणि पुन्हा संशोधनासाठी गेला. डॉक्टरेट मिळवली, मॅडिसनला पुढचे संशोधन केले, डेलावेअरमध्ये वनस्पतींवर काम करणारा शास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली. मागे राहिलेल्यांनी काय करावे? बिल स्टीव्हन्सनने ड्रम सोडले नाहीत, दुसरे गायक घेतले, पण त्या बँडला डिसेंडेंट्स म्हणवून घेतले नाही. 'ऑल' असे वेगळे नाव लावले आणि जुने नाव बाजूला जपून ठेवले. 1996 मध्ये मायलो आला तेव्हा ते नाव पुन्हा बाहेर निघाले. 2004 मध्ये पुन्हा निघाले. 2016 मध्ये पुन्हा, त्या वर्षी तर त्याची नोकरीही संपली आणि तो पूर्णवेळ गायकच झाला. दर वेळी नवी गाणी, नवे रेकॉर्डिंग, आणि दर वेळी त्याची जागा तशीच मोकळी.

गेली कित्येक वर्षे मी मनातल्या मनात स्वतःला मायलो समजत आलो आहे, हे मंगळवारी माझ्या लक्षात आले. रसायनशास्त्राची पदवी, सुरतेजवळची कारखान्याची नोकरी, चष्मा. सगळे कसे जुळत होते. एक दिवस बोलावणे येईल, मी आधी थोडे आढेवेढे घेईन, मग जाईन, असे काहीसे चित्र होते. बोलावणे आले ते लाकडाच्या एका तुकड्याला आणि चार तारांना. मायलोसाठी माणसे थांबली, आणि मी पुण्यात परत येऊन चौदा वर्षे झाली, श.चे घर रिक्षाने वीस मिनिटांवर आहे, तरी मला कुणी वाजवतोस का म्हणून विचारू नये?

काल मग मागची पाने चाळली. जुन्या वहीत 1998 चा मे महिना आहे. आम्ही रेकॉर्डिंगची तारीख ठरवली होती, एका छोट्या स्टुडिओत पाचशे रुपये आगाऊ भरले होते, आणि त्या तारखेच्या तीन दिवस आधी मी सुरतेची गाडी पकडली. नोकरीवर आठवडाभर उशिरा हजर झालो असतो तर चालले असते का, हे मी साहेबांना विचारलेसुद्धा नव्हते. बेस सोबत नेला, म्हणजे त्यांना दुसरा कुणी बसवून वाजवण्याचीही सोय ठेवली नाही. वहीत या सगळ्याबद्दल एकच ओळ आहे : 'सामान बरेच झाले.' ते पाचशे रुपये बुडाले. माझ्या वाट्याचे सव्वाशे मी कधी दिले की नाही, ते आठवत नाही, आणि आठवत नाही याचा अर्थ दिले नसावेत.

मायलो निदान सांगून गेला होता. रेकॉर्डिंग आटोपून गेला होता.

तेव्हा मायलोची उपमा सोडून द्यावी लागली आणि काल रात्री मी फ्रँककडे वळलो. फ्रँक नेव्हेटा, 1977 मध्ये बँड सुरू करणाऱ्यांपैकी, पहिला गिटारवादक. त्याने एके दिवशी आपले सगळे वाद्यसामान जाळून टाकले आणि तो ऑरेगनला जाऊन मासेमारी करू लागला. सामान जाळणे याहून स्पष्ट राजीनामा काय असतो? तरी 1996 च्या संग्रहात तो थोडासा आहे. आणि 2002 मध्ये फ्रँक, बेसवाला टोनी लोंबार्डो आणि बिल हे मूळचे तिघे कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला बिलच्या स्टुडिओत जमले आणि मायलो येण्याच्याही आधीची, पोरवयातली गाणी एकदाची नीट वाजवून ठेवली. जाळणाऱ्याला बोलावतात, जपणाऱ्याकडे वस्तू मागतात. हा विचार रात्री दीड वाजता मला फार खोल वाटला होता. सकाळी तितका वाटला नाही.

ते रेकॉर्डिंग पुढे बरीच वर्षे तसेच पडून राहिले. 2008 च्या ऑक्टोबरअखेर फ्रँक गेला. 2020 मध्ये, सगळे जग घरात बसले असताना, मायलोने त्या अठरा वर्षांपूर्वीच्या वाजवण्यावर आपला आवाज चढवला, आणि 2021 च्या जुलैत तो संग्रह निघाला. लाँग बीचमध्ये ज्या कोपऱ्यावर ते सराव करत, त्या कोपऱ्याचेच नाव त्याला आहे, 'नाइन्थ अँड वॉलनट'. सत्तावन वर्षांचा माणूस सतरा वर्षांच्या पोरांची रडगाणी गातो आहे, मागे वाजणाऱ्यांपैकी एक जण या जगात नाही, आणि ऐकताना हे काहीही जाणवत नाही. गाणे दीड मिनिटात धाडकन संपते आणि पुढचे सुरू होते.

श.कडे आमच्या सरावाच्या दोन कॅसेटी आहेत. आमच्या चौघांतल्या द.ची गिटार त्यांवर आहे. त्या वापरणार का, हे मी विचारणार होतो. असो.

टोनीबद्दल मात्र मी आजवर कधी नीट विचारच केला नव्हता, आणि मी तर बेसवाला. टोनी टपालखात्यात कामाला होता, बाकीच्या पोरांहून वयाने बराच मोठा. गावोगाव कार्यक्रम करत फिरायचे ठरू लागले तेव्हा नोकरी सोडून तो गेला नाही. त्याच्या जागी दुसरे वाजवू लागले. कुणी त्याच्यासाठी नाव जपून ठेवले नाही. पण जुनी गाणी कान देऊन ऐकली तर त्याचा बेस गिटारच्या मागे लपून बसलेला नाही. तो पुढे येऊन चाल सांगतो आणि गिटारला त्याच्या मागून पळावे लागते. ती वाजवण्याची तऱ्हा त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येकाला शिकून घ्यावी लागली असणार. परवा ऑफिसला जाताना सिग्नलवर हे ऐकत असताना मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे दिवा हिरवा झाल्याचे कळले.

गुरुवारी रात्री बेस माळ्यावरून काढला. हिने शिडी धरली आणि काही विचारले नाही, याबद्दल तिचे आभार इथेच मानून ठेवतो. गणपतीच्या मखराचे खोके, जुना कुकर आणि पाहुण्यांच्या गाद्या यांच्या मागे तो भिंतीला टेकून उभा होता. पिशवीची चेन गंजून बसली होती; तिच्यावर मेणबत्ती घासली तेव्हा ती दातादाताने सरकली. आतून डांबरगोळ्यांचा वास आला, आणि त्याच्या खाली, अगदी खरे सांगायचे तर, वसतिगृहाच्या खोलीचा. तारा तपकिरी झाल्या होत्या, हात फिरवला की बोटांना गंज लागत होता. मागच्या बाजूला, पोटाशी पट्ट्याचे बक्कल घासून रंग उडालेला रुपयाएवढा डाग तसाच आहे. ते बक्कलही आठवले, तो पट्टाही आठवला. तो पट्टा आता मला बसणार नाही.

दार लावून, आमटीचे गाणे वाजवायला घेतले. चाळीस सेकंदांचे गाणे आहे. उजवा हात वीस सेकंद चालला, मग मनगट दगडासारखे झाले. डाव्या हाताची करंगळी जिथे पोहोचायला हवी तिथून बोटभर अलीकडेच थांबली आणि तिने पुढे जाण्यास नकार दिला. जोडणीशिवायचा बेस तो, आवाज काय येणार. टपटप, टपटप, पावसात पन्हळीखाली डबा ठेवावा तसा. दुसऱ्यांदा सुरू केले आणि मलाच हसू आले, आणि मग ते थांबेना. कल्पना अशी केली की श.ने 'तू वाजव' म्हटले आहे, स्टुडिओचे तासाचे भाडे चढते आहे, काचेपलीकडे त्याची मुलगी मोठ्या आदराने उभी आहे, आणि मी वीस सेकंदांनंतर 'जरा पाणी द्या' म्हणतो आहे. श.ने मला हा प्रसंग टाळून दिला, हे त्याने मुद्दाम केले असेल असे मी म्हणणार नाही. त्याच्यात एवढा मुत्सद्दीपणा कधीच नव्हता. त्याला बेस हवा होता, त्याने बेस मागितला. आमच्यात तोच एक सरळ माणूस होता.

काल येताना तारांचा संच आणला. आज दुपारभर तारा बदलल्या, दांड्याला तेलाचे बोट लावले, जोडणीच्या भोकातला मळ काडीला कापूस गुंडाळून काढला. चौथी खुंटी, सर्वांत जाड तारेची, पहिल्यासारखीच घसरते. तिला वर चढवताना नेहमी आधी अर्धा फेरा खाली उतरवावे लागते, मग एका दमात वर न्यावे लागते, आणि स्वर लागल्यावर तारेला मधोमध एकदा जोरात ओढून सोडावे लागते. तसे केले तर तीन गाणी टिकते, नाही तर पहिल्याच गाण्यात सगळ्यांना बेसूर पाडते. हे श.च्या मुलीला कसे कळणार म्हणून एका कागदावर लिहायला घेतले. मग आमटीच्या गाण्यात शेवटच्या ओळीआधी अर्धी मात्रा थांबायचे असते, तेही लिहिले, कारण कॅसेटवर ते नीट ऐकू येत नाही आणि श. ड्रम वाजवत असल्यामुळे त्याला वाटते की तो थांबतो म्हणून सगळे थांबतात. प्रत्यक्षात तो माझ्याकडे पाहून थांबत असे. कागद पाठपोट भरला. घडी घालून पिशवीच्या पुढच्या खणात ठेवला आहे. सोबत सव्वाशे रुपये ठेवावेत असे एकदा मनात आले होते, पण इतक्या वर्षांच्या व्याजाचा हिशेब श. चारचौघांत काढील, म्हणून ते राहू दिले.

उत्तर लिहायला बसलो तेव्हा साडेनऊ झाले होते. पहिला मसुदा लांब झाला आणि त्यात 'अर्थात' हा शब्द दोनदा आला, तो खोडला. दुसऱ्यात 'बेस आहे, घेऊन जा' असे होते. त्यातले 'घेऊन जा' काढले. मग 'बेस' काढले. मराठीत 'तो आहे' आणि 'मी आहे' यांचे क्रियापद एकच असते, ही सोय मला आजच उपयोगी पडली.

"आहे", एवढे पाठवले. कर्ता कोण, ते त्याने पाहावे.

बराच वेळ काही आले नाही. आता अकराला दहा कमी असताना त्याचे उत्तर आले : "चौथी खुंटी अजून घसरते का?"

घसरते, असे कळवले आहे.