17 जण, दोन ओढे आणि देवकुंड

रायगड जिल्ह्यातल्या देवकुंड धबधब्याला ग्रुप न्यायचा म्हटला की पहिला प्रश्न येतो, "किती वेळ चालायचंय?" भिरा गावापासून धबधब्यापर्यंत एका बाजूनं साधारण सहा किलोमीटर, चढ बेताचा, सवयीच्या माणसाला दोन तास. उत्तर बरोबर आहे, पण ते चार जणांचं. टेम्पो ट्रॅव्हलर भरून 17 जण निघाले की याच वाटेला तीन तास लागतात. हा जास्तीचा तास चालण्यात जात नाही, थांबण्यात जातो.

वाटेतले ओढे घ्या. गुडघ्याखालचं पण जोराचं पाणी असेल, तर एकेक जण हाताला धरून पार करायला माणशी मिनिटभर जातो. दोर बांधायला-सोडायला दहा मिनिटं. म्हणजे 17 जणांचा एक ओढा जवळपास अर्ध्या तासाचा. पाणी असेल तेव्हा असे दोन ओढे धरा आणि जाऊन-येऊन चार वेळा मोजा, झाले दोन तास. हे दोन तास आराखड्यात नसले की परतताना घाई होते, आणि घाईत माणूस ओढ्यातच घसरतो. देवकुंडला लोक धबधब्याला भितात. भ्यायचं ते परतीच्या ओढ्याला.

कारण सोपं आहे. भिरा खाली कोकणात, आणि पाणी येतं ते वरून, ताम्हिणीच्या बाजूच्या कड्यांवरून. भर पावसात तिथे एका दिवसात 300 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. खाली ऊन पडलेलं असतं, फोटो चाललेले असतात आणि वर ढग रिकामे होत असतात. त्याचं पाणी ओढ्याला यायला फार वेळ लागत नाही. स्वच्छ पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा ओढ्याचा आवाज जड झाला, तर डबे उघडलेले असले तरी उठायचं. सकाळी ओढा ओलांडताना काठावरचा एखादा दगड हेरून त्याचा फोटो काढून ठेवावा. परतताना तो बुडालेला दिसला की चर्चेची गरज उरत नाही.

जुलै-ऑगस्टचा विचार करू नका. पावसाळ्यात रायगड जिल्हा प्रशासन इथे बंदी घालतं (पूर्वी कलम 144, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 163). बंदी उठली का, हे गाडी ठरवण्याआधी गावात फोन करून विचारावं. गेल्या वर्षीच्या रील्सवर विसंबू नये. चांगले दिवस सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर विजा घेऊन येतो, म्हणून बारा वाजता धबधब्याखालचं कुंड सोडायचं, मग तिथे पोचायला कितीही उशीर झालेला असो. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. रविवारी धबधब्यापेक्षा पाठी जास्त दिसतात.

पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे, पाटणूस, भिरा असा रस्ता, अडीच-तीन तास. पाचला निघालं तर साडेआठला चालायला लागता येतं. घाटात गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा आणि त्यांचे पोहे घाट उतरल्यावर द्या. भिऱ्याला टाटांचं जुनं वीजकेंद्र आहे. घाटात लागतं ते मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून इथे खाली येऊन वीज करतं, आणि 1921 साली सुरू झालेला मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्ध होता. गाडीत सांगायला ही गोष्ट अंताक्षरीपेक्षा बरी.

गावातला वाटाड्या घ्याच. वाट सापडत नाही म्हणून नव्हे, पाणी कळतं म्हणून. साकव टाकलेला आहे का, ओढा कुठे रुंद आणि उथळ आहे, हे त्याला त्या आठवड्याचं माहीत असतं. रुंद जागा उथळ असते. उडी मारता येईल अशी अरुंद जागा खोल आणि जोराची. पुढे लगेच धबधबी असेल तिथे कधीच ओलांडू नये.

ओलांडताना बूट पायातच ठेवायचे, सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडायचे, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून पाय न उचलता सरकवत जायचं. दोर 10 मिलिमीटर जाडीचा, 30 मीटर लांबीचा पुरतो. तो आडवा सरळ न बांधता पलीकडचं टोक थोडं खालच्या अंगाला बांधा, म्हणजे प्रवाह माणसाला काठाकडे नेतो. चालणाऱ्यानं दोराच्या खालच्या बाजूनं चालावं. वरच्या बाजूला असला तर पाणी त्याला दोरावर दाबून धरतं. आणि दोर कुणाच्याही कमरेला बांधू नका. पाय सुटला तर तोच दोर माणसाला पाण्याखाली अडकवून ठेवतो. जोराचं पाणी गुडघ्याच्या वर गेलं की ग्रुपनं ओलांडायचंच नाही. काठावर बसून ओसरायची वाट पाहायची. त्यासाठी प्रत्येकाकडे एक जेवण जास्तीचं आणि टॉर्च हवा, सकाळी तो कितीही हास्यास्पद वाटला तरी.

मोजणी "सगळे आले ना?" अशी करू नये, त्याला नेहमीच होकार येतो. जोड्या लावा, आणि जोडीदार दिसत नसेल तर ओरडायची जबाबदारी दुसऱ्याची. 17 म्हणजे एक तिघांची जोडी होईल, चालेल. पुढे एक, शेवटी एक असे दोघे नेमावेत; शेवटच्याच्या मागे कुणीही नाही, लघवीला थांबलेलाही नाही. जंगलात मोबाइलवर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून शिट्टी.

कुंडात उतरायचं नाही, हे गाडीतच सांगून टाका. तिथे पोचल्यावर कुणी ऐकत नाही. फेसाळ पाण्यात हवा इतकी असते की पट्टीचा पोहणाराही नीट तरंगत नाही, थंडीनं दम लागतो, आणि धारेखाली उभं राहिलं तर वरून पाण्याबरोबर दगडही येतात. कुणी बुडताना दिसला तर दोर फेका. मागोमाग उडी मारली की बुडणारे दोन होतात.

ऑक्टोबरमधलं दुखणं मात्र वेगळंच. परतीच्या वाटेवर भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकाठी सावली कमी, दुपारचं ऊन, दमट हवा, आणि पायात गोळे येतात. माणशी दोन लीटर पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत आणि गूळ-शेंगदाणे हाताशी ठेवा. जीन्स नको, भिजली की जड होते आणि मांड्या सोलते. आधाराला फांदी धरण्याआधी तिच्याकडे बघा, पानाच्या रंगाचा चापडा, विषारी साप, तिथे गप्प बसलेला असू शकतो. दोन क्रेप बँडेज हवीतच. मुरगळलेल्या पायाला बूट घालूनच वरून बँडेज बांधावं. बूट काढला की सुजेमुळे परत चढत नाही, आणि माणूस उचलून आणायला चौघांच्या दोन पाळ्या लागतात.

पिठलं-भाकरीचा आकडा सकाळी चालायला निघण्याआधीच गावात द्या, 17 आणि वाटाड्याची एक. भाकऱ्या वेळेवर थापल्या जातात, आयत्या वेळी सांगितलं तर तासभर बसावं लागतं. कोरडे कपडे गाडीतच ठेवा, सॅकमध्ये नेले तर तेही भिजतात.