यीस्टचा वाढ-आलेख, भाग ७: टप्पा खोटा निघाला

आधी कबुली. मागच्या भागात ज्या सपाट टप्प्यावर मी उड्या मारल्या, तो डायऑक्सिक शिफ्ट (एक अन्न संपून दुसऱ्याकडे वळताना वाढ थबकते तो टप्पा) नव्हता. यीस्टने ग्लुकोज संपवून अल्कोहोलकडे मोर्चा वळवला वगैरे जे रंगवून सांगितलं, ते सगळं मागे घेतो.

तिन्ही वेळा टप्पा सकाळी सातच्या सुमारास आला होता. तिन्ही नमुने रात्री आठलाच लावलेले, त्यामुळे खटकलं नाही. परवा आळसापायी नमुना मध्यरात्री लागला. टप्पा चार तास उशिरा यायला हवा. साहेब सातलाच हजर! यीस्टला घड्याळ कळायला लागलं की काय?

म्हणून काल नुसतं माध्यम, यीस्टचा कणही नाही, असा ब्लँक रात्रभर ठेवला. पहाटेपर्यंत ओडी (द्रावणाचा गढूळपणा; एलईडीचा किती उजेड नमुन्यातून पार होऊन फोटोडायोडवर, म्हणजे उजेड मोजणाऱ्या सेन्सरवर, पोचतो त्याचा लॉग घेऊन काढलेला आकडा) हळूहळू ०.०३ चढली आणि ऊन आल्यावर उतरली. आत गढूळ व्हायला काही नसताना.

क्युव्हेटवर (नमुना ठेवायच्या चौकोनी पारदर्शक नळीवर) बाष्प? पुसून पाहिलं, फरक नाही. एलईडी तापतेय? ती अर्धा तास आधीपासून चालू असते. बाहेरचा उजेड? खोक्यावर टॉर्च मारली, आकडा ढिम्म. शेवटी मल्टिमीटर ५ व्होल्टच्या लाइनवर लावून बसलो. इन्क्युबेटरचा रिले (हीटर चालू-बंद करणारा स्विच) टक् वाजला आणि ५.०२चे ४.७१ झाले. पुन्हा टक्, पुन्हा ५.०२. हीटर आणि एलईडी एकाच सप्लायवर, तेही माझ्याच हाताने जोडलेले.

एलईडी नुसत्या रेझिस्टरवर आहे. तिचे २ व्होल्ट वजा केले की रेझिस्टरवर ३.०२ऐवजी २.७१ उरतात. म्हणजे करंट दहा टक्के कमी, उजेडही साधारण तितकाच, आणि लॉग घेतला की ओडीत ०.०४५ची भर. दहा मिनिटांच्या सरासरीत ही टकटक पुसली जाते. पहाटे खोली गार, हीटर जास्त वेळ चालू, सरासरी वर. ऊन आलं की खाली. त्या उतारावर यीस्टची मंदावलेली वाढ बसली की झाला सपाट टप्पा! शिवाय ०.४च्या पुढे ओडी सरळ रेषेत राहत नाही म्हणून मी दुरुस्ती लावतो, तिने हा घोळ आणखी फुगवला.

टप्प्याआधीचा चढा भाग मात्र शाबूत आहे. न्यूबाउअर चेंबरमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, चौकटी आखलेल्या काचेवर) मिथिलीन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) घालून मोजदाद केली: दुप्पट व्हायला १ तास ४० मिनिटं. ओडीवरून १ तास ४५. डोळे दुखेपर्यंत मोजल्याचं सार्थक झालं.

आता हीटरला वेगळा सप्लाय आणि एलईडीला कॉन्स्टंट करंट (व्होल्टेज हललं तरी न बदलणारा प्रवाह), असं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं: दुसरा फोटोडायोड थेट एलईडीसमोर बसवला आणि दोन्ही फोटोडायोडच्या आकड्यांचं गुणोत्तर घेतलं तर? एलईडी कितीही डुलली तरी भागाकारात कटेल, म्हातारी झाली तरीही. डबल-बीम यंत्रं (प्रयोगशाळेतले दोन किरणांचे उजेडमापक) हेच करतात. बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड एक शिल्लक आहे. म्हणजे कॉन्स्टंट करंटची गरजच नाही. सप्लाय तेवढा आजच वेगळा करतो.

आज रात्री पुन्हा नुसता ब्लँक. यीस्टला सुट्टी.