तोटा कोणाच्या माथी?

सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदाच्या, अर्थकारणात एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते : सभागृहातली एकूण एक खुर्ची विकली गेली, तरी बहुतेक कार्यक्रमांचा खर्च तिकिटांतून भरून निघत नाही. एखादा ऑर्केस्ट्रा तोट्यात गेल्याची बातमी आली की कारभार ढिसाळ असणार असे आपण गृहीत धरतो, आणि कधीकधी ते खरेही असते. पण बराचसा तोटा या व्यवसायाच्या घडणीतच आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली त्याची मीमांसा केली. कारखान्यात दर कामगारामागचे उत्पादन वाढत जाते, म्हणून वेतनवाढ परवडते. बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली, तेव्हापासून ती वाजवायला लागणारा वेळ आणि माणसे फारशी कमी झालेली नाहीत. पगार मात्र आजच्या मानाने द्यावा लागतो.

तोटा येणारच असे धरून चालले, तर व्यवस्थापनापुढे मुख्य प्रश्न उरतो तो सोसायचा कोणी हा. आणि जो सोसतो, त्याच्याच हाती कारभाराच्या किल्ल्या जातात, असे मला या संस्थांचा इतिहास वाचताना वारंवार दिसले. हेन्री ली हिगिन्सन यांनी १८८१ मध्ये बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि १९१८ पर्यंत दरवर्षीची तूट स्वतःच्या खिशातून भरली. कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचे संचालन करणारा, कोण असावा इथपासून वादकांनी इतरत्र कधी वाजवू नये इथपर्यंत त्यांचा शब्द चाले. तिथे वादकांची संघटना मान्य व्हायला १९४२ साल उजाडावे लागले.

एका श्रीमंताची जागा पुढे अमेरिकेत देणगीदारांच्या विश्वस्त मंडळांनी आणि कायमनिधीने (मुद्दल गुंतवून ठेवायचे आणि दरवर्षी त्यातला थोडाच भाग खर्चायचा, अशा निधीने) घेतली. १९६६ मध्येच फोर्ड फाउंडेशनने ६१ ऑर्केस्ट्रांसाठी सुमारे ८ कोटी डॉलर जाहीर केले. त्या बळावर हंगाम लांबले, वादकांना वर्षभराची नोकरी मिळू लागली, आणि ती मिळायलाच हवी होती. परंतु वर्षभराचा पगार हा कायमचा खर्च असतो, आणि श्रोते काही हंगामाच्या लांबीप्रमाणे वाढत नाहीत. तूट भरून काढण्यासाठी आलेल्या पैशानेच पुढच्या तुटीचा पाया घातला, असे म्हणणे कठोर वाटेल. तरी ते फारसे चुकीचे नाही.

या व्यवस्थेतला ताण कुठवर जाऊ शकतो हे मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या टाळेबंदीत दिसले. वेतनात मोठी कपात मागणाऱ्या मंडळाने ऑक्टोबर २०१२ मध्ये वादकांना बाहेर ठेवले, आणि त्याच सुमारास सभागृहाच्या सुमारे ५ कोटी डॉलरच्या नूतनीकरणाचे काम चालू होते. या दोन गोष्टी एकत्र पाहून वादकांचा संताप झाला, यात नवल नाही. मंडळाचीही एक अडचण होती, ती नोंदवायला हवी : इमारतीसाठी देणगी देणारा माणूस पगारासाठी देत नाही, कारण इमारतीवर नाव कोरता येते. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंडक्टर ऑस्मो वान्स्का यांनी राजीनामा दिला, वादकांनी स्वतःचे कार्यक्रम स्वतः भरवले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सुमारे १५ टक्के कपातीवर तडजोड झाली. त्याच महिन्यात याच ऑर्केस्ट्राला संगीतकार सिबेलियसच्या सिम्फनींच्या ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. वान्स्का पुढे परतले.

जर्मनीत तूट सरकार सोसते. सार्वजनिक पैशावर चालणारे सुमारे १३० ऑर्केस्ट्रा तिथे आहेत, पण एकीकरणानंतर ते १६८ होते. तिथल्या कात्रीला आवाज कमी असतो, इतकेच. नैऋत्य जर्मनीच्या एसडब्ल्यूआर या प्रसारण संस्थेने आपले श्टुटगार्टचे आणि बाडेन-बाडेन व फ्रायबुर्गचे असे दोन ऑर्केस्ट्रा बराच विरोध होऊनही २०१६ मध्ये एक करून टाकले.

वादकांनीच संस्था चालवावी, हा तिसरा मार्ग ऐकायला सर्वांत आकर्षक वाटतो. तालमीला स्वतःऐवजी बदली वादक पाठवण्यावर लंडनच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्राचे कंडक्टर हेन्री वुड यांनी बंदी घातली म्हणून तिथले काही वादक बाहेर पडले आणि १९०४ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा जन्माला आला. तिथे वादकच सभासद आहेत, पण ते पगारी नोकर नाहीत. वाजवाल तेवढे मिळेल, असा हिशेब. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाची कामे त्यांनी आनंदाने घेतली, त्यामागे ही निकड होतीच. म्हणजे तोट्याचा एक भाग वादकच आपल्या अस्थिर उत्पन्नातून सोसतात. १८४२ पासूनच्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकची स्वायत्तता तर ख्यातनाम आहे, तिथे १९३३ पासून कायम कंडक्टरही नाही. मात्र तिचे सर्व सभासद व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या वाद्यवृंदातून येतात, आणि ऑपेराचा पगार सरकारी अनुदानातून निघतो.

रोजच्या व्यवस्थापनात यापेक्षा बारीक गणिते असतात. मोठे कंडक्टर दोन-तीन वर्षे आधी ठरवावे लागतात. माहलरची भव्य सिम्फनी घेतली की जादा वादक आले. स्वामित्वहक्कातली रचना घेतली की स्वरलिपीचे भाडे आले. आणि तालीम ठरल्या वेळेपेक्षा लांबली की जादा मोबदला. पडद्यावर चित्रपट आणि समोर प्रत्यक्ष वाद्यवृंद अशा कार्यक्रमांना नाके मुरडली जातात, ती मला पटत नाहीत, कारण त्या गर्दीच्या जोरावरच एखादी अनोळखी नवी रचना वाजू शकते. खुर्च्या कमी करणे हाही धंद्याचाच भाग होय. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे सभागृह ५५ कोटी डॉलर खर्चून २०२२ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा सुमारे २७०० खुर्च्यांच्या जागी २२०० राहिल्या. ध्वनी सुधारावा हा हेतू होताच, पण तिकीट नंतरही मिळेल याची खात्री असलेला श्रोता हंगामाची तिकिटे आगाऊ घेत नाही, हेही उघड आहे.

एखाद्या ऑर्केस्ट्राचा वार्षिक अहवाल हाती आला की नफा-तोट्याच्या ओळीआधी मी दोन गोष्टी शोधतो : कायमनिधीतून त्या वर्षी किती टक्के रक्कम काढली, आणि किती कायम जागा रिकाम्या ठेवून बदली वादकांवर भागवले. पहिला आकडा चार-पाच टक्क्यांच्या बराच पुढे गेला असेल, तर संस्था उद्याचे पैसे आज खाते आहे; दुसऱ्या आकड्यातली बचत ताळेबंदात चांगली दिसते, आणि तिची किंमत तंतुवाद्यांच्या मागच्या रांगांमध्ये बसलेले लोक मोजतात.